मनाचा भरवसा नाही

ज्या माणसाने मला मनाने कच्ची ठरवलं, त्याचं नाव मी इथे लिहिणार नाही. तो आता हयात नाही, त्याची नातवंडं आहेत आणि त्यांनी माझं काही वाकडं केलेलं नाही. आम्ही मुली त्यांना कोचसाहेब म्हणायचो, इथेही तेवढंच पुरे. पण नाव गाळलं म्हणून राग गाळला असं कुणी समजू नये. माझं वय झालंय, गुडघे कुरकुरतात, एका कानाने कमी ऐकू येतं, आणि तरीही ते मैदान डोळ्यांसमोर आलं की माझ्या मुठी आपोआप वळतात. घरातले म्हणतात, इतकी वर्षं झाली, आता सोडून दे. का म्हणून सोडायचं? ज्यांनी सोडायला हवं होतं त्यांनी काही सोडलं नाही.

आमचं बिऱ्हाड गंगेवरच्या संकठा घाटाच्या वरच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर होतं. माझे वडील, नाना, रोज सकाळी घाटाघाटाने चालत राजा घाटाजवळच्या पाठशाळेत वेद शिकवायला जायचे आणि संध्याकाळी काही विद्यार्थी घरी संथा घ्यायला यायचे. पुढच्या खोलीत त्यांचा तो एकसुरी, वरखाली होणारा आवाज, खाली गल्लीत कचौडीच्या कढईची चरचर, देवीच्या देवळातली घंटा, आणि छपरांवरून माकडांची धाडधाड. या सगळ्यात मी अभ्यास केला, झोपले, भांडले. शांतता ही वस्तू मला लग्नानंतर भेटली आणि बरेच दिवस ती मला सोसली नाही. आमची मराठी ऐकून पुण्याचे पाहुणे हसायचे. आम्ही 'ताला लाव', 'सब्जी संपली', 'परेशान होऊ नकोस' असं सहज बोलायचो आणि आपण काही वेगळं बोलतोय हे आमच्या गावीही नसायचं. नाना मात्र शुद्ध बोलायचे, इतके की भाजीवाल्याशी हिंदी बोलतानाही त्यांचं वाक्य संस्कृतात संपेल की काय अशी भीती वाटायची.

आईचा स्वयंपाक दोन्हीकडचा. हिवाळ्यात कोवळ्या मटारचा निमोना करायची, पण त्याला फोडणी गोड्या मसाल्याची. शेजारची मिसिराइन तो चाखून म्हणायची, काकी, हे काय आहे ते कळत नाही, पण अजून द्या. आई हाताने सढळ होती, हे मी मुद्दाम लिहितेय, कारण पुढे जे लिहायचंय त्यावरून ती कंजूस वाटेल. माझा मोठा भाऊ दिगंबर, म्हणजे दादा, घाटावरच्या आखाड्यात कुस्ती खेळायचा. तो घामाने आणि मातीने माखून जिना चढला की त्याच्यासाठी रात्री भिजवलेले बदाम पाट्यावर वाटून दुधात घातलेले असायचे, तूप असायचं, मोड आलेले हरभरे असायचे. "आई, भूख लागलीये यार," असं तो उंबऱ्यातूनच ओरडायचा आणि आई हातातलं काम टाकून उठायची. मीही त्याच सुमारास मैदानावरून यायची. मी ओरडायची नाही. माझ्यासाठी चहा असायचा आणि रात्रीची पोळी. एकादशीला आणि चतुर्थीला तीही नसायची, कारण मुलीच्या जातीने उपास धरायचे. धावायचं त्या दिवशीही असायचं.

हे तेव्हा मला खटकलं होतं का? नाही, आणि त्याचाच मला आज सगळ्यात जास्त संताप येतो. पाणी वरून खाली वाहतं तसं दूध दादाकडे वाहतं, एवढंच मला ठाऊक होतं.

मी आठशे मीटर धावायची. आणीबाणी उठल्यानंतरची ती वर्षं. कॉलेजात मुलींचा संघ नुकताच बरा बांधला जात होता, आणि सलवारीवर ओढणी कमरेला बांधून आम्ही राखेच्या ट्रॅकवर पळायचो. आठशे मीटर ही विचित्र शर्यत आहे. दोन फेऱ्या. पहिलीत शरीर पळतं, दुसरीत शरीर नको म्हणत असताना दुसरं काहीतरी पळतं. ते दुसरं काहीतरी माझ्याजवळ आहे हे मला ठाऊक होतं, कारण सरावात मी सगळ्यांच्या पुढे असायची. शर्यतीत मात्र शेवटच्या वळणावर पाय दगडाचे व्हायचे. छातीत कुणी कापडाचा बोळा कोंबल्यासारखं व्हायचं आणि ज्या मुलींना मी रोज मागे टाकायची त्या एकामागून एक शेजारून निघून जायच्या.

हे कधी सुरू झालं ते मी सांगू शकते. पहिल्याच मोठ्या शर्यतीला, दुसऱ्या एका कॉलेजच्या मैदानावर, धावता धावता मला पाळी आली. कळलं तेव्हा शेवटचं वळण आलं होतं. मी दोन्ही हात मागे नेऊन कुर्ता ओढत कशीबशी शर्यत संपवली. मुलांचा संघ तिथेच दोरीला टेकून उभा होता. कोचसाहेब माझ्याकडे आले तेव्हा मला वाटलं, टॉवेल देतील. ते सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "यही सब होना था तो आई क्यों? घर में बैठती, चूल्हा फूँकती." मुलं हसली. त्यांतल्या दोघांना आज मी ओळखते, भले गृहस्थ आहेत, मुलींचे बाप आहेत. त्या दिवसापासून कोचसाहेबांनी माझं नाव 'भैंस' ठेवलं. आणि त्या दिवसापासून शेवटचं वळण आलं की मी धावत नसायची, ते हसू ऐकू येण्याची वाट पाहत असायची.

त्यांचं एकच शास्त्र होतं. मुलगी मागे पडली की जास्त फेऱ्या. पाय दुखतात म्हटलं की जास्त फेऱ्या. पळताना पाणी प्यायचं नाही, पोट जड होतं. खाणं कमी, अंग हलकं राहतं. विश्रांती म्हणजे आळस. आणि एवढं करूनही जी जिंकत नाही तिचं काळीज छोटं, संपला विषय. माझं काळीज छोटं आहे हे त्यांनी मैदानावर इतक्या वेळा जाहीर केलं की शेवटी मीही ते मानू लागले. आई मला संकठादेवीला घेऊन गेली, नारळ फोडला. गल्लीतल्या डॉक्टरांनी नाडी धरली, जीभ पाहिली आणि आईला म्हणाले, काही झालेलं नाही, या वयात मुली घाबरट होतात, लग्न झालं की ठीक होईल. मला त्यांनी काही विचारलंही नाही.

एका एकादशीला सकाळी मी मैदानावर पडले. वळणावर डोळ्यांपुढे काळं झालं आणि तोंडात राख गेली ती चव आठवते. शुद्धीवर आले तर कोचसाहेब वर उभे. "नाटक बंद करो." मी उठून चालत कॉलेजच्या पायऱ्यांपर्यंत आले आणि तिथे बसले. रडत नव्हते. रडायला जे लागतं तेही अंगात नव्हतं.

तिथे मला इलादी भेटल्या. त्या आम्हाला मानसशास्त्र शिकवायच्या. बंगाली, अंगाने चिमुकल्या, जाड काठाची सुती साडी, नेहमी छत्री. वर्गात त्या प्रयोगशाळेतल्या उंदरांबद्दल इतक्या आत्मीयतेने बोलायच्या की आम्ही मुली ओढणीआड हसायचो. त्या माझ्या शेजारी पायरीवर बसल्या, माझ्या तोंडावरची राख स्वतःच्या पदराने पुसली आणि बंगाली वळणाच्या हिंदीत म्हणाल्या, मी ते मराठीत लिहितेय, "वासंती, पडायच्या आधी डोक्यात काय चाललं होतं?"

मला कळेचना. पायांबद्दल सगळ्यांनी विचारलं होतं, पोटाबद्दल आईने, नवसाबद्दल शेजारणींनी. डोक्यात काय चाललंय हे मला जन्मात कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "कुछ नहीं, दीदी." त्या तशाच बसून राहिल्या. मग मी सगळं सांगितलं. पाळीचं, हसण्याचं, चूल फुंकण्याचं. त्या ऐकत होत्या आणि ऐकता ऐकता त्यांनी माझी खालची पापणी बोटाने खाली ओढून आत पाहिलं. पापणी आतून पांढरी पडली होती.

पुढे जे त्यांनी केलं, त्याला आज मोठमोठी नावं आहेत, त्याचे अभ्यासक्रम आहेत, त्यावर परिषदा भरतात. तेव्हा त्याला नाव नव्हतं. मनवाले एका इमारतीत बसायचे, शरीरवाले मैदानावर, आणि दोघांची तोंडओळखही नव्हती. इलादींनी वैद्यकीय कॉलेजातल्या आपल्या मैत्रिणीकडून माझं रक्त तपासून घेतलं. रक्त फारच कमी होतं. त्या मैत्रिणीने लोहाच्या गोळ्या दिल्या, जेवणाबरोबर चहा बंद केला, आणि ही मुलगी एवढ्यावर धावतेच कशी, असं मलाच विचारलं. मग इलादी छत्री घेऊन मैदानावर येऊन बसू लागल्या. धावण्याआधी माझी नाडी मोजायच्या, धावून झाल्यावर मोजायच्या. कोचसाहेब मैदानात असताना वेगळी, नसताना वेगळी. काही दिवसांनी त्यांनी मला समोर बसवलं.

"हे बघ," त्या म्हणाल्या, "ते रेषेवर येऊन उभे राहिले की तू जागची हलायच्या आधीच तुझं काळीज एक फेरी पळून आलेलं असतं. छोटं नाही तुझं काळीज. थकलेलं आहे. त्याला रक्त कमी आणि भीती जास्त. रक्त कमी म्हणून दम लवकर लागतो, दम लागला की भीती वाटते, भीती वाटली की दम आणखी लागतो. नुसतं रक्त वाढवून भागणार नाही आणि नुसता धीर देऊनही भागणार नाही. दोन्ही एकदम करायचं."

मी त्या दिवशी घरी चालत गेले ती गंगेच्या कडेने, आणि सगळी वाट माझं डोकं भणभणत होतं. आनंदाने नाही. आपण देवीला नारळ फोडले, फेऱ्या मारल्या, शिव्या खाल्ल्या, आणि कुणाही शहाण्या माणसाला एक पापणी खाली ओढून बघावीशी वाटली नाही!

मग आमचं काम सुरू झालं. आठवड्यातून एक दिवस पूर्ण आराम, जो मी चोरून घ्यायची. दमणूक न करता हळू पळणं. खिशात गूळ-चणे. श्वास कसा सोडायचा ते. इलादींनी विचारलं, कुठला आवाज ऐकला की तुला बरं वाटतं? मी म्हटलं, नानांच्या विद्यार्थ्यांची संथा. शब्द मला नीट कळत नव्हते, पण ती लय लहानपणापासून अंगात मुरली होती. त्या लयीवर मी पावलं टाकायला शिकले. आणि सगळ्यात मजेची गोष्ट म्हणजे, त्या शेवटच्या वळणावर इलादी स्वतः उभ्या राहायच्या आणि मी तिथे पोचले की कोचसाहेबांसारख्या ओरडायच्या. चिमुकल्या बाई, छत्री हवेत, आणि त्यांच्या बंगाली जिभेवर 'भैंस'चं पार 'भोइंश' झालेलं. "भाग, भोइंश, भाग! चूल्हा फूँक!" पहिल्या दिवशी मला हुंदका आला. दुसऱ्या दिवशी चीड आली. मग एक दिवस मला इतकं हसू फुटलं की मी ट्रॅकवर पोट धरून बसले, आणि इलादीही छत्री टाकून माझ्या शेजारी राखेत बसल्या. त्या म्हणाल्या, आता ते वळण तुझं झालं.

कोचसाहेबांना हे कळायला वेळ लागला नाही. एका सकाळी त्यांनी सगळ्या संघाला रांगेत उभं केलं आणि माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं, ही मुलगी पागलांच्या डॉक्टरकडे जाते. ज्यांच्या डोक्यात बिघाड आहे त्यांना खेळात जागा नाही. त्या रांगेतल्या शकीला नावाच्या मुलीने माझा हात मागच्या मागे दाबला, बाकीच्या दोन पावलं बाजूला सरकल्या. त्यांचा मला राग नाही. त्यांच्या घरी कळलं असतं तर त्यांचं खेळणंच बंद झालं असतं.

आमच्या घरी कळलं ते दादाकडून. त्याला आखाड्यात कुणीतरी सांगितलं. सकाळची वेळ, नाना गंगेवर स्नान करून नुकतेच आले होते, आई पाट्यावर बदाम वाटत होती. दादा आत आला तोच बोलत आला. "नाना, ही वासंती पागलखान्याच्या कुणा डॉक्टरणीकडे जाते म्हणे. सगळ्या घाटावर चर्चा आहे. मला लोक विचारतायत, तुझी बहीण बीमार आहे का."

नानांनी उपरणं खुंटीला टांगलं. ते कधी आवाज चढवत नसत, त्यांचा राग शब्दांच्या टोकांवर असायचा. "हे खरं आहे?"

"त्या डॉक्टर नाहीत, नाना. माझ्या कॉलेजात शिकवतात. मनाचं शास्त्र..."

"आपल्या घरात मनाचे रोग नाहीत," नाना म्हणाले. "मन म्हणजे निग्रह. तो नसेल तर धावणं सोड. वेड्यांच्या रांगेत जाऊन बसू नकोस. उद्या तुझ्याकडे स्थळ कोण घेऊन येणार?"

मी खाली मान घातली. खोटं कशाला बोलू, मला तेव्हा वाटलं की झालं, संपलं. पण पाट्यावरचा आवाज थांबला होता. आई उठली. वाटलेल्या बदामाचा गोळा तिच्या हातात तसाच होता.

"अहो, वेडी कोण ते मला विचारा," आई म्हणाली. "ही मुलगी दिगूपेक्षा जास्त पळते. तो आला की मी बदाम देते, तूप देते. ही आली की शिळी पोळी देते. माझ्या हाताने देते, रोज. हिच्या गोळ्या दिसल्या तेव्हा मी हिला विचारलं, त्या बाईंनी सांगितलंय हिच्या अंगात रक्त नाही. ते रक्त कुठे गेलं ते मला ठाऊक आहे. मला नेऊन बसवा वेड्यांत."

"अगं, तू..." नाना म्हणाले.

"निग्रह म्हणे! उपाशी पोटी राखेत पडते आणि उठून पुन्हा पळते, त्याला तुम्ही काय म्हणता? तुमच्या त्या मुलांची एक संथा चुकली तर तुम्ही त्यांना गुळाचा खडा देऊन परत म्हणायला लावता. हिला कुणी दिला?"

तिने तो गोळा माझ्या पेल्यात घातला, वर दूध ओतलं आणि पेला माझ्या हातात कोंबला. दादाने नुसते हरभरे खाल्ले आणि तो निघून गेला. नानांनी पुन्हा उपरणं घेतलं आणि ते गच्चीवर गेले. मी ते दूध प्यायले. सांगायला लाज वाटत नाही, मला ते दूध कडू लागलं. इतक्या वर्षांनी मिळालेली वस्तू एकदम गोड लागत नाही.

विद्यापीठाच्या संघासाठी निवड कॉलेजच्याच मैदानावर होती. ते माझं शेवटचं वर्ष. इलादी दोरीपलीकडे बसल्या होत्या. धावण्याच्या जरा आधी मी वळून पाहिलं तर फाटकातून नाना येत होते, धोतर, टोपी, बगलेत पोथी. आईने त्यांना शर्यत झाल्यावर मला सोबतीने घरी आणायला पाठवलं होतं, असं त्यांनी मला मग सांगितलं. तोपर्यंत त्यांनी मला कधी धावताना पाहिलं नव्हतं.

कोचसाहेब नेमके शेवटच्या वळणावर जाऊन उभे राहिले. पहिली फेरी मी मागेच राहिले, लय धरून, कुणाची घाई न करता. दुसऱ्या फेरीत एकेक पाठ जवळ येऊ लागली. वळणावर तो आवाज आला, तोच शब्द, तेच चुलीचं. मला खरंच छत्री हवेत धरलेल्या इलादी दिसल्या. पाय मऊच राहिले. छातीत हवा होती. मी कोचसाहेबांच्या अगदी समोरून गेले, इतक्या जवळून की ते एक पाऊल मागे सरले, आणि दोरी तोडून मी बऱ्याच पुढे जाऊन थांबले तेव्हा दुसरी मुलगी अजून सरळ रेषेत येत होती.

निवडीची नावं कोचसाहेबांनी उभ्याउभ्याच वाचून दाखवली. आठशे मीटरला माझं नाव नव्हतं. जी दुसरी आली तिचं होतं. ती बिचारी स्वतःच म्हणाली, "सर, वासंती..."

"वासंती का शरीर ठीक है," कोचसाहेब म्हणाले. "मन का भरोसा नहीं. इलाज चल रहा है उसका."

इलादी दोरीखालून वाकून आत आल्या. त्यांनी नाडीच्या गोष्टी सांगितल्या, रक्ताच्या सांगितल्या, आत्ताच सगळ्यांनी काय पाहिलं ते सांगितलं. शेजारी उभ्या असलेल्या प्रिन्सिपॉलबाई हसऱ्या चेहऱ्याने म्हणाल्या, आपण भावनेच्या भरात जायला नको, पुढच्या वर्षी बघू. पुढचं वर्ष! मी शेवटच्या वर्षाला होते हे त्यांना ठाऊक होतं. वर्गात हजेरी त्याच घ्यायच्या.

मग नाना पुढे आले. पोथी बगलेतच होती. आपल्या त्या जडशीळ हिंदीत त्यांनी कोचसाहेबांना विचारलं, "श्रीमान, मेरी कन्या प्रथम आई अथवा नहीं?"

"आई, पंडितजी. पर..."

"इस कन्या को मैंने अपने घर में विक्षिप्त कहा. वह मेरा अपराध है, और मैं उसका पिता हूँ. आपको यह अधिकार किसने दिया?"

कोचसाहेब हसले. "पंडितजी, आप शास्त्र देखिए. खेल हम देख लेंगे."

आणि ते गेले. बस. काही घडलं नाही. आकाश कोसळलं नाही, कुणी माफी मागितली नाही, यादी बदलली नाही. संघ लखनौला गेला, मी घरी राहिले. लोकांना अशा गोष्टींचा शेवट न्यायाने झालेला आवडतो, मला पुष्कळांनी विचारलंय, मग त्या माणसाचं काय झालं? काय होणार? बढती झाली. निरोपाच्या समारंभात त्याला शाल दिली. आणि माझ्यानंतर कितीतरी मुली त्याच्या हाताखालून गेल्या, ज्यांना इलादी भेटल्या नाहीत.

आम्ही बापलेक चालत घरी निघालो. शिंदे घाटापर्यंत आलो. तिथे पायऱ्यांवर नाना थांबले. "तू पळतेस ते मी कधी पाहिलं नव्हतं," ते म्हणाले.

"मी बोलावलं होतं तुम्हाला. दोन्ही वर्षं."

"हो," ते म्हणाले. एवढंच. समजूत घातली नाही, कारण दिलं नाही. त्या 'हो'बद्दल मी त्यांना आजही मानते. बाकी पुष्कळ गोष्टींबद्दल नाही.

पुढे मी हेच काम केलं. शिकले, इथे-तिथे नोकऱ्या केल्या, खेळाडूंच्या वसतिगृहांतून मुलामुलींबरोबर बसले, त्यांची झोप, त्यांची नाडी, त्यांचं ताट आणि त्यांची भीती एकत्र बघत राहिले. आता या विषयाला मान आहे, खुर्ची आहे. आणि अजूनही मला फोन येतात, "मॅडम, बच्ची मेंटली वीक है, जरा एक मोटिवेशन का लेक्चर दे दीजिए." मी विचारते, तिच्या पाळीचं काय? तिला झोप किती मिळते? तिच्यावर ओरडतं कोण? की फोन बंद होतो. मन कच्चं आहे म्हणणं सगळ्यांना सोयीचं असतं. मग स्वतःकडे बघावं लागत नाही.

पण मला त्या निवडीनंतरच्या सकाळबद्दल लिहायचं होतं. मी नेहमीच्या वेळी मैदानावर गेले तर फाटकावर चौकीदार म्हणाला, बिटिया, साहब ने मना किया है. मागून इलादी रिक्षातून उतरल्या. त्यांनी फाटकाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि रिक्षा परत घाटाकडे वळवली. आम्ही नाव केली आणि नदीपलीकडे गेलो. पाणी उतरलं होतं, पलीकडे रेतीच रेती, ना ट्रॅक, ना दोरी, ना कुणी बघणारं. इलादी नावेतून उतरल्या, त्यांच्या चपलेत रेती गेली, त्या एका पायावर उभ्या राहून ती झटकू लागल्या.

"दीदी," मी म्हटलं, "तुम्ही म्हणाल मन शांत कर, श्वास घे. मला नाही शांत करायचं. मला इतका राग आलाय की दात दुखतायत."

मला वाटलं, त्या समजावतील. मन शिकवणारी माणसं शांत व्हायला सांगतात असं मला वाटायचं. इलादींनी चप्पल पायात घातली, माझं मनगट धरलं, नाडी मोजली. बराच वेळ मोजली.

"यायलाच पाहिजे," त्या म्हणाल्या. "शांत कशाला होतेस? तुझ्यावर अन्याय झालाय. फक्त खांदे सैल सोड, राग खांद्यात अडकला की दम लागतो. त्याला पायांत उतरू दे."

मी खांदे सोडले आणि पळाले. रेतीत पाय रुतत होते, समोर काही नव्हतं, आणि मी ओरडत पळाले, त्या माणसाचं नाव घेऊन, प्रिन्सिपॉलबाईंचं नाव घेऊन, दादाच्या बदामांचं नाव घेऊन, जेवढं तोंडात आलं तेवढं. नावाडी उठून उभा राहिला. दम लागला नाही. मी पुढेच जात राहिले.